दहावी माळ

"चला, आपापल्या पेट्या उघडा," मी म्हणालो, आणि हॉलमधला एकही हात हलला नाही.

प्रशिक्षणाचा तिसरा दिवस होता. जेवणं झालेली, त्यात मठ्ठा, आणि वर तापलेले पत्रे. पहिली-दुसरीला गणित शिकवणारे तालुक्यातले झाडून सगळे गुरुजी आणि बाई सतरंजीवर मांडी घालून बसले होते, त्यातले निम्मे बसल्या बसल्या पेंगत होते. मला त्यांचा राग येत नव्हता. मीही उभ्या उभ्या पेंगतच होतो. पुण्याला कुणीतरी मोठ्या हौसेनं आखलेलं प्रशिक्षण जिल्ह्याला येईपर्यंत अर्धं सांडायचं, आणि तिथून माझ्या हातून तालुक्याला पोचेपर्यंत चहा, बिस्किटं आणि हजेरीची सही एवढंच उरायचं. साधनव्यक्ती हे नाव मोठं, पण काम हमालाचं. इकडचा बोजा तिकडे टाकायचा. पहिल्या वर्षी मी उत्साहानं नाचून गाणी म्हणायचो. त्या वर्षी सरळ पाट्या टाकत होतो.

"उघडायच्या म्हणजे कशा, ढाकणे सर?" पुढच्या रांगेतल्या एका गुरुजींनी विचारलं.

"प्लास्टिक फाडून."

"फाडून?" त्यांनी पेटी मांडीवर ओढून घेतली. मी जणू लेकरूच मागितलं होतं.

प्रत्येक शाळेला सरकारनं एक गणित पेटी दिली होती. फासे, रंगीत काड्या, आणि दहा-दहा मण्यांच्या दहा माळा. लेकरांनी हातात घेऊन मोजावं, दहा म्हणजे केवढं, शंभर म्हणजे केवढं ते बोटांना कळावं, असा हेतू. पण पेटी शाळेत आली की तिची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे मालमत्तेच्या वहीत, व्हायची, आणि एकदा नोंद झाली की ती लेकरांची राहायची नाही, मुख्याध्यापकाची व्हायची. बदली झाली, निवृत्ती आली, की चार्ज देताना फासा न फासा मोजून द्यावा लागायचा. म्हणून पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली जानव्याला नसेल तर करदोट्याला. वर्षानुवर्षं एका मुख्याध्यापकानं दुसऱ्याला बंद पेटी द्यायची आणि दुसऱ्यानं 'पूर्ण मिळाली' म्हणून सही करायची. फळ्यावर चार खडूच्या रेघा ओढून गणित शिकवलं जायचं.

त्या दिवशी सगळ्यांच्या पुढ्यात कारखान्यातून आल्यासारख्या पेट्या होत्या. फक्त भिंतीकडेला बसलेल्या चौगुले बाईंच्या पुढ्यात पेटी नव्हती. कापडी पिशवी होती.

"बाई, तुमची पेटी?"

"पेटीचं झाकण तुटलंय सर. जे उरलंय ते आणलंय." त्यांनी पिशवी सतरंजीवर ओतली. कड झिजलेले फासे, चावलेल्या काड्या, आणि मळक्या दोऱ्यातल्या तीन माळा. एवढ्या शाळांत खेळलं गेलेलं सामान मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी काही बोलायच्या आत मागून खेडकर गुरुजी उठले. मोरदरा नावाच्या डोंगरातल्या वस्तीवर दोन शिक्षकी शाळा होती. चौगुले बाई तिथं पहिली-दुसरी सांभाळायच्या, आणि खेडकर गुरुजी बाकीचे वर्ग आणि मुख्याध्यापकी. पेटी त्यांच्या चार्जातली, म्हणून तेही आले होते.

"सर, बरं झालं तुम्हीच ओतायला लावलं," गुरुजी म्हणाले. "चार लोकांदेखत बघून घ्या. दहा माळा होत्या, तीन राहिल्या. उद्या माझ्या नावानं बोंब नको. बाईंना शनिवारी कार्यमुक्त करायचंय म्हणं. मी भरल्या पेटीबिगर सही करणार न्हाई."

बाई खाली मान घालून फासे गोळा करायला लागल्या. कुणीतरी हसलं, आणि मी घड्याळाकडे बघून चहाची सुट्टी दिली. अडचण आली की चहाची सुट्टी द्यायची, एवढं मी त्या नोकरीत पक्कं शिकलो होतो.

संध्याकाळी एसटी स्टँडवर बाई भेटल्या. त्यांची मोरदऱ्याकडची गाडी लागायची होती, माझी यायची होती. टाळणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शेजारी बसलो आणि विचारलं, "बाई, माळा हरवल्या का?"

"हरवल्या नाहीत सर. दिल्यात."

"कुणाला?"

"पोरांना. पहिलीत दहा पोरं. प्रत्येकाला एक."

"मग घ्या की परत."

बाई माझ्याकडे बघून थकल्यासारखं हसल्या. "पोरं हाईत कुठं, सर?"

मी जीभ चावली. मोरदरा सगळं ऊसतोडीचं गाव. दिवाळी झाली की गाड्या भरतात, बायकापोरांसकट माणसं कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याला परततात. बाईंच्या दहातली सात पोरं तेव्हा उसाच्या फडात होती. आजीपाशी राहिलेली तीन, म्हणून माळा तीन.

"गाडीत बसताना एकेकाच्या गळ्यात माळ घातली," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तिकडं शाळा नाही, बाई नाही, पाटी नाही. माळ तर राहील. बैल मोजा, मोळ्या मोजा, चांदण्या मोजा म्हणून सांगितलं. पाडव्याला आणून द्यायचंही सांगितलंय. आणतील ती."

"तोवर तुमची ऑर्डर?"

बाईंची ऑर्डर मलाही ठाऊक होती. सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. त्या कागलकडच्या. लग्न, बाळंतपण, सगळं तिकडं, आणि नोकरी इकडं डोंगरात. आठ-नऊ वर्षं अर्ज करून त्यांना जिल्हा बदलून मिळाला होता. शनिवारपर्यंत इथून सुटल्या नाहीत तर आदेश रद्द, आणि पुन्हा शेवटच्या नंबरला उभं राहायचं.

"माझी लेक आईपाशी असते," त्या म्हणाल्या. "सुट्टीला गेले की पहिले दोन दिवस ती माझ्याजवळ येत नाही, सर. आईच्या पदराआडून बघते. तिसऱ्या दिवशी येते, आणि मग मी निघते." मग त्या म्हणाल्या, "गंमत बघा की. माझ्या सात माळांतल्या चार-पाच तरी आत्ता आमच्या कोल्हापूरकडंच असतील. माळा पोचल्या. मी इथंच."

गाडी लागली. बाई पिशवी छातीशी धरून चढल्या. मी रिकाम्या बाकावर बसून राहिलो आणि स्वतःला बजावलं की ह्या भानगडीत आपण पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पडलोच. खेडकर गुरुजी लिंबाखाली तंबाखू मळत होते. आमच्याकडच्या निम्म्या गुरुजींसारखी त्यांचीही जन्मतारीख एक जून. म्हणजे मे अखेर निवृत्ती.

"गुरुजी, सात माळांसाठी बाईची ऑर्डर घालवता का?"

"तुम्हाला मी राक्षस वाटत असंल."

"तसं नाही..."

"वाटू द्या. माझ्या आधीचे मुख्याध्यापक तुम्हाला आठवतात का? त्यांच्या चार्जात एक वजनकाटा कमी भरला. खिचडीचा वजनकाटा! त्या माणसाची पेन्शन दीड वर्षं लटकली. घरात बायको अंथरुणाला. मी डोळ्यानं बघितलंय." त्यांनी चिमूट ओठाखाली धरली. "बाई चांगली हाय. लेकरायला जीव लावती. पण बाई शनिवारी जाईल आणि कमी पेटी माझ्या गळ्यात राहील. पोरं पाडव्याला माळा आणत्याल म्हणती. सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या भरवशावर मी पेन्शन ठेवू?"

"बाजारातून मणी आणून ओवले तर?"

"तेही म्हणली बाई. पण ते सरकारी मणी न्हाईत. तपासणीला आलेला माणूस तेवढं बरोबर वळखतो. दुसरं काही वळखत न्हाई."

गुरुजींचं चुकत होतं असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना. ह्या खात्यात भित्रा माणूसच सुखरूप घरी जातो, हे मीही बघत आलो होतो.

तेव्हा एक गोष्ट मनात आली. आमच्या साधन केंद्राच्या कपाटात नमुन्याची एक पेटी होती, माझ्या चार्जातली. तीही बंदच. त्यातल्या सात माळा काढून बाईंच्या पेटीत भरल्या तर? माझी निवृत्ती लांब होती. पाडव्याला पोरांनी माळा आणल्या तर आणल्या, नाहीतर पुढचं पुढं. हा शहाणपणा मला कसा सुचला कुणास ठाऊक. लेक पदराआडून बघते, ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं, एवढं खरं.

शुक्रवारी, समारोपाच्या आधी, मी ती पेटी हॉलमध्ये आणली. चोरून द्यायचं नव्हतं. सगळ्यांसमोर उघडायची, पेटी वापरायची कशी ते दाखवायचं, आणि शेवटी सगळ्यांदेखत माळा बाईंच्या हवाली करायच्या, असा बेत होता. खेडकर गुरुजींना साक्षीदारही आयते मिळाले असते.

"हे बघा, मी फाडतोय," मी म्हणालो आणि प्लास्टिक फाडलं. लोक पुढं सरकले. पाच दिवसांत पहिल्यांदा सगळे जागे होते.

झाकणाच्या आत यादी छापलेली होती, माळा दहा. मी एक काढली, दुसरी काढली, तिसरी, चौथी. मग हात तळाशी फिरवला. फासे लागले, काड्या लागल्या. माळ लागेना. पेटी पालथी केली.

माळा चारच होत्या.

"सर, पहिल्यांदाच उघडली ना?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्या डोळ्यांसमोर फाडली की."

मग काय झालं ते सांगतो. सगळ्यांनी हळूच आपापल्या पुढ्यातल्या पेटीकडे पाहिलं. जी इतकी वर्षं कुलपात जपली, जिच्यावर 'पूर्ण मिळाली' म्हणून सह्या केल्या, दिल्या, घेतल्या, ती पेटी. एका गुरुजींनी पेटी उचलून कानाशी धरून हलवली आणि घाईनं खाली ठेवली. आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता तर कुणाला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

"सर, झाकण लावा," पुढचे गुरुजी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

अति झालं आणि हसू आलं म्हणतात तसा मी हसत सुटलो, आणि माझ्यामागे सगळा हॉल हसला. कोण देतं, कोण घेतं, कोण मोजतं! हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं की माझी पेटी आता राजरोस कमी भरली होती, आणि बाईंना द्यायला माझ्याकडे पुरत्या माळा नव्हत्या.

खेडकर गुरुजी हसत नव्हते. ते उठले आणि बाईंच्या जवळ जाऊन उभे राहिले.

"बाई, एक इचारतो. आपली पेटी तुम्ही पहिल्यांदा उघडली. मी तर कधी बघितली न्हाई. तव्हा माळा किती होत्या?"

गुरुजी दार उघडून देत होते हे न कळायला तिथं कुणी पहिलीतलं नव्हतं. बाईंनी म्हणायचं, तीनच होत्या. ह्या पेटीत चार निघाल्या, त्या पेटीत तीन निघाल्या असतील. साक्षीला अख्खा तालुका बसलेला. सही होणार, बाई शनिवारी गाडीत बसणार.

"तीन म्हणा बाई, तीन," मागून एक बाई कुजबुजल्या.

चौगुले बाईंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. त्यांचे डोळे भरलेले मला दिसत होते. मी मनात म्हणत होतो, बोला की. तीन. एवढा एक शब्द.

"दहा होत्या, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"नीट आठवा."

"आठवायला कशाला पाहिजे? मी मोजल्याच नव्हत्या. पोरांनी मोजल्या. जमिनीवर एकाखाली एक मांडल्या आणि एक-एक मणी करत शंभरपर्यंत गेली. तोवर त्यांना शंभर म्हणजे नुसतं ओरडायचं माहीत होतं. त्या दिवशी दिसलं. शंभर भरलं तशी वर्गात नाचली, तुम्ही ओरडायला आला होता बघा." त्यांनी नाक पुसलं. "आता मी तीनच होत्या म्हटलं, तर त्या लेकरांचं शंभर खोटं पडतंय. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मला त्या बाईंचा संताप आला. खरंच आला. एवढी आयती सुटका, घरी लेक वाट बघते, आणि ही बाई कुठल्या शंभराचं घेऊन बसली होती! हॉलभर चुकचुकणं झालं. "वेडी हाय," असं कुणीतरी स्पष्टच म्हणालं. मी समारोपाचं भाषण गुंडाळलं, हजेरीच्या सह्या घेतल्या आणि सतरंज्या मोजायला लागलो.

तेवढ्यात खेडकर गुरुजी माझ्या टेबलाशी आले. कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. पेटीतल्या सात माळा विद्यार्थ्यांना घरी सरावासाठी दिल्या असून त्या पाडव्यानंतर जमा होतील, बाईंचा चार्ज पूर्ण मिळाला. खाली सही केली.

"गुरुजी, आणि पेन्शन?"

"काल माझा पोरांवर भरवसा नव्हता," ते म्हणाले. "सुटायचं दार उघडं असताना जी बाई खोटं बोलली न्हाई, ती म्हणती की पोरं माळा आणत्याल. तर आणत्याल." शिक्का मारून कागद बाईंच्या हातात देताना मात्र ते खेकसलेच. "घ्या. आणि जावा आता लवकर. माझं मन पालटायच्या आत."

बाई वाकून पाया पडायला गेल्या, तर गुरुजी तंबाखूची डबी शोधत दुसरीकडे वळले.

मी पुन्हा माझ्या पाट्या टाकायला लागलो. मार्च संपला, पाडवा झाला. एप्रिलच्या उन्हात वर्गभेटींचा ठराविक फेरा निघाला आणि त्यात मोरदरा आलं. चढ चढून घसा कोरडा पडला होता. वाटलं, पाणी प्यावं, सही करावी आणि उतरावं.

वर्गाच्या दारातच थांबलो. नव्या बाई आल्या नव्हत्या, येणार कधी तेही कुणाला माहीत नव्हतं. खेडकर गुरुजी टोपी बाजूला ठेवून पहिलीच्या पोरांत खाली बसले होते. सगळ्या जन्मात त्यांनी पहिली घेतली नसावी. फरशीवर माळा एकाखाली एक मांडल्या होत्या. काही काळ्या पडलेल्या, एक सुतळीत ओवलेली, एकीचे मणी उसाच्या चिकट्यानं माखलेले. गावागावांच्या फडांवरून फिरून आलेल्या.

"आल्या की गुरुजी!" मी म्हणालो.

"आल्या. गाडीतून उतरली तशी बिगर आंघोळीची आली, माळा द्यायला. बाई न्हाई म्हणल्यावर मला देईनात." गुरुजींनी डोळे पुसले, घाम होता का काय कुणास ठाऊक. "सहा आल्या, हितल्या तीन धरून नऊ. दुर्गीची न्हाई आली. तिचं बिऱ्हाड तिकडंच राहिलं, वीटभट्टीवर. कागल का काय म्हणत्यात तिकडं."

म्हणजे गुरुजींच्या चार्जात एक माळ कमी होतीच. निवृत्तीला महिना उरला होता.

"सर आलेत, मोजून दाखवा," गुरुजी पोरांना म्हणाले.

पोरं गुडघ्यांवर सरकली. एक-एक मण्यावर बोट ठेवत, सगळी एका आवाजात निघाली. दहा, वीस, पन्नास. मधे एकजण घसरला, बाकीच्यांनी त्याला ओढून घेतलं. ऐंशी. नव्वदला नवव्या माळेचा शेवटचा मणी आला. आता थांबतील, असं वाटून मी पाण्याच्या माठाकडे वळलो.

ती थांबली नाहीत. नवव्या माळेखाली त्यांनी एक जागा रिकामी सोडली होती. पोरांची बोटं त्या उघड्या फरशीवर पुढं सरकली. एक्याण्णव. ब्याण्णव. हाताखाली काही नव्हतं, नुसती फरशी. तरी एकही बोट चुकत नव्हतं, एकही पोर घाई करत नव्हतं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर!

आणि सगळी नाचायला लागली.

"अरे, ही माळ कुठंय?" मी रिकाम्या जागेकडे बोट करून विचारलं.

"दुर्गीची हाय ती," एक पोरगी माझी कीव आल्यासारखी म्हणाली. "तिच्यापाशी हाय. हितं न्हाई म्हणून काय झालं?"

गुरुजी माझ्याकडे बघत होते. ह्या वेळी मात्र ते ओरडायला उठले नाहीत.

मे अखेरीस त्यांच्या चार्जाचे कागद केंद्रावर माझ्याच टेबलावरून पुढे गेले. पुढची कितीतरी वर्षं मी प्रशिक्षणं घेतली, आणि पुण्याहून आलेलं काहीही माझ्या डोक्यात राहिलं नाही. पण तो कागद अजून दिसतो. खुर्च्या, घंटा, वजनकाटा, सगळं ओळीनं लिहिलेलं, आणि गणित पेटीपुढे त्या भित्र्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द, पूर्ण.